गोपनीयतेचे पान लिहिण्याआधी शाळेने आपले संकेतस्थळ तपासावे

नमस्कार सर,

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला सांगता येईल. देवगड तालुक्यातील आपल्या माध्यमिक विद्यालयाचे संकेतस्थळ मुंबईच्या माजी विद्यार्थी मंडळाने वर्गणी काढून करून दिले, आणि संगणकाची माहिती असणारे शिक्षक म्हणून त्याची देखभाल आपल्याकडे आली. गेल्या पालक सभेत एका आईने विचारले की, ‘या साइटवर माझ्या मुलीची काय काय माहिती आहे, आणि मी ती उघडते तेव्हा माझी कोणती माहिती कुठे जाते?’ त्यानंतर मुख्याध्यापकांनी आपल्याला गोपनीयता धोरणाचे पान तयार करायला सांगितले. दुसऱ्या एखाद्या शाळेचे पान नाव बदलून वापरले तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

मी गेली पंधरा वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील शाळा, पतसंस्था आणि ग्रंथालये यांची संकेतस्थळे करतो आणि सांभाळतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की ते पान उचलू नये, आणि नवे पान लिहायलाही आज बसू नये. गोपनीयतेचे पान म्हणजे शाळेने पालकांना दिलेला लेखी शब्द असतो. आपल्या संकेतस्थळावर प्रत्यक्षात काय घडते हे तपासण्याआधी तो शब्द दिला, तर तो खोटा ठरण्याची शक्यता फार मोठी असते. फी लिपिकाच्या खिडकीवर रोख घेणाऱ्या एका शाळेच्या पानावर क्रेडिट कार्डाच्या माहितीचे आणि कॅलिफोर्नियातील रहिवाशांच्या हक्कांचे परिच्छेद मी पाहिले आहेत. त्याच संकेतस्थळावर विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांची यादी मात्र सर्वांना उघडी होती, आणि तिच्याबद्दल त्या पानात एक ओळही नव्हती.

त्या आईच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. संकेतस्थळ पाहणाऱ्याची माहिती आपोआप जमा होते, तो एक भाग. आणि शाळा स्वतःच्या हाताने मुलांची जी माहिती प्रसिद्ध करते, तो दुसरा. गोपनीयता धोरणांत बहुधा पहिल्याच भागाबद्दल लिहिलेले असते. शाळेच्या बाबतीत दुसरा भाग अधिक जोखमीचा आहे, आणि आपल्या कोकणात तर त्याची जोखीम शहरापेक्षा जास्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतील.

मी आपले संकेतस्थळ पाहिलेले नाही. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, संकेतस्थळ वर्डप्रेससारख्या प्रणालीवर आहे की साध्या पानांचे, त्यावर अर्ज भरण्याची सोय आहे की नाही, आणि होस्टिंगचे (संकेतस्थळाच्या फाइली ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेचे) खाते कोणाच्या नावावर आहे, यावर तपशील बदलतील. यातील शेवटची गोष्ट सर्वांत आधी पाहा. माजी विद्यार्थी मंडळांनी करून दिलेल्या संकेतस्थळांत डोमेन (संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव) आणि होस्टिंग हे बहुधा मुंबईतील एखाद्या उत्साही सभासदाच्या वैयक्तिक ईमेलवर असते. तो सभासद चांगला माणूस असतो, पण पाच वर्षांनी त्याचा नंबर बदलतो, नूतनीकरणाची सूचना कोणी वाचत नाही, आणि मुलांची माहिती ठेवलेल्या जागेच्या किल्ल्या शाळेकडे नसतात. किल्ल्या शाळेकडे नसतील तर पालकांना कोणताही शब्द देण्याचा अधिकार शाळेला उरत नाही, म्हणून ते खाते आधी संस्थेच्या अधिकृत ईमेलवर आणावे.

आता पहिला भाग. कोणीही आपले संकेतस्थळ उघडले की त्याच्या फोनकडून सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या संगणकाला, मागणी जाते आणि सर्व्हर तिची एका ओळीत नोंद करतो: आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), तारीख, वेळ, मागितलेले पान, फोन आणि ब्राउझरचा प्रकार. ही नोंद शाळेने मागितलेली नसली तरी होस्टिंग घेतले की ती होतेच. ती बंद करावी असे मी सांगणार नाही, कारण कोणी संकेतस्थळात घुसण्याचा प्रयत्न केला तर माग काढण्याचे तेच साधन असते, आणि वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्याच्या नियमांतही (त्याबद्दल पुढे सांगतो) अशा नोंदी एक वर्ष जपून ठेवण्यास सांगितले आहे. आपल्याकडचे बहुतेक पालक मोबाइलच्या जाळ्यावरून येतात, आणि तिथे बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना मिळून दिलेला असतो. त्यामुळे कोणत्या घरातून पान उघडले गेले हे त्या नोंदीवरून शाळेला कळत नाही. मोबाइल कंपनीला मात्र वेळ जुळवून ते शोधता येते. म्हणून ‘आमच्याकडे कसलीही नोंद राहत नाही’ असे लिहिणे चूक ठरेल. ‘अशी नोंद राहते, सुरक्षिततेसाठी राहते, आणि तिच्यावरून आम्ही कोणा व्यक्तीचा शोध घेत नाही’ असे लिहिले तर ते खरे असेल.

सर्व्हरच्या नोंदीपेक्षा अधिक काळजीची गोष्ट म्हणजे आपल्या पानात बसवलेले परक्यांचे तुकडे. फेसबुकचा चौकोन, स्नेहसंमेलनाचा यूट्यूब व्हिडिओ, शाळेचा नकाशा, भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारी अॅनालिटिक्स सेवा आणि तळाशी आकडा दाखवणारा मोफत काउंटर, हे सगळे तुकडे पालकाच्या फोनवर थेट त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. पालकाने व्हिडिओवर बोटही ठेवलेले नसते, तरी त्याचा आयपी पत्ता आणि तो कोणत्या शाळेच्या पानावर आहे ही गोष्ट तिकडे पोहोचलेली असते. अक्षरांचे फॉन्टदेखील बाहेरून मागवले तर हेच घडते. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एवढ्याच कारणासाठी एका संकेतस्थळ चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यामागचा विचार मला पटतो: देवनागरी फॉन्टची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवता येत असताना पालकाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती देण्याचे काही कारण नाही.

मी स्वतः शाळांच्या कामात असे करतो. मोफत काउंटर काढून टाकतो, कारण तो चालवणारा कोण आहे हे बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही. नकाशा पानात न बसवता त्याचा साधा दुवा देतो, म्हणजे ज्याला रस्ता पाहायचा आहे तोच स्वतःहून तिकडे जातो. व्हिडिओ बसवायचाच असेल तर यूट्यूबने दिलेला ‘नोकुकी’ पत्ता वापरतो (कुकी म्हणजे संकेतस्थळाने पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण). त्यात व्हिडिओ सुरू करेपर्यंत मागोवा बराच कमी राहतो. अॅनालिटिक्सच्या बाबतीत मी मुख्याध्यापकांना विचारतो की ते आकडे गेल्या वर्षात कोणी पाहिले का. आजवर एकाही शाळेत मला होकार मिळालेला नाही. गूगलच्या या सेवेची कुकी मूळ मांडणीत पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये दोन वर्षे राहते, आणि शाळेच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांत मुलेही असतात. जे आकडे कोणी पाहत नाही त्यांच्यासाठी मुलांच्या फोनवर खूण ठेवणे मला योग्य वाटत नाही. किती पाने उघडली गेली एवढेच हवे असेल तर होस्टिंगच्या नियंत्रण कक्षात सर्व्हरच्या नोंदींवरून तयार झालेला गोषवारा बहुधा मिळतोच.

संकेतस्थळावर प्रवेशाच्या चौकशीचा अर्ज असेल तर तो नीट उघडून पाहा. बऱ्याचदा कागदी प्रवेश अर्ज जसाच्या तसा ऑनलाइन चढवलेला असतो, आणि त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, धर्म, जात, वडिलांचे उत्पन्न असे सगळे रकाने असतात. चौकशीसाठी पालकाचे नाव, एक फोन क्रमांक आणि कोणत्या इयत्तेसाठी विचारणा आहे, एवढेच पुरते. बाकीचे पालक कार्यालयात येईल तेव्हा कागदपत्रांसह घेतले जातेच. आधारबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येणार नाही असे म्हटले आहे, तेव्हा चौकशीच्या टप्प्यावर तो मागण्याचा प्रश्नच येत नाही. जो रकाना ठेवला नाही त्यातली माहिती चोरीला जात नाही, हा माझा पंधरा वर्षांतला सर्वांत उपयोगी पडलेला नियम आहे.

तो अर्ज भरून ‘पाठवा’ दाबल्यावर कुठे जातो हेही पाहावे लागेल. काही वर्षांपूर्वी एका शाळेचे संकेतस्थळ मी दुसऱ्या व्यावसायिकाकडून माझ्याकडे घेतले, तेव्हा प्रत्येक चौकशीची एक प्रत त्या जुन्या व्यावसायिकाच्या खाजगी ईमेलवर जात असल्याचे दिसले. काम देताना चाचणीसाठी घातलेला पत्ता काढायचा राहून गेला होता, आणि तीन वर्षे पालकांचे फोन क्रमांक तिकडे जात होते. त्याने त्यांचा गैरवापर केला असे मला वाटत नाही, पण शाळेला हे माहीतच नव्हते. शिवाय वर्डप्रेसवरील बऱ्याच अर्ज-सुविधा ईमेल पाठवून थांबत नाहीत, तर तीच माहिती संकेतस्थळाच्या कोठारातही साठवतात. गूगल फॉर्म वापरत असाल तर त्यामागची तक्त्याची फाइल ‘दुवा असलेल्या कोणालाही’ उघडी नाही ना, हे आजच पाहा. आणि संकेतस्थळाच्या पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह किंवा सुरक्षित जोडणीची खूण दिसत नसेल, तर ती दिसेपर्यंत अर्ज बंद ठेवा; लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि बहुतेक होस्टिंगवर ते एका बटणाने बसते.

जमा झालेल्या चौकशा किती दिवस ठेवायच्या, हे प्रत्येक शाळेने ठरवायचे असते. माझा प्रघात असा आहे की ३० सप्टेंबरची पटसंख्या नक्की झाली की त्या वर्षीच्या चौकशांचे काम संपले असे धरायचे आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्या सर्व ठिकाणांहून पुसायच्या: ईमेलमधून, कोठारातून आणि कार्यालयातल्या संगणकावर उतरवून ठेवलेल्या फाइलमधूनही.

एवढे झाले म्हणजे पाहणाऱ्याच्या माहितीचा भाग आपल्या हातात आला: सर्व्हरची नोंद राहू द्यायची आणि ती राहते असे सांगायचे, परक्यांचे तुकडे शक्य तितके काढायचे, अर्ज लहान करायचा, आणि जमा झालेले ठरल्या दिवशी पुसायचे.

आता दुसऱ्या भागाकडे येतो.

शाळा स्वतः काय प्रसिद्ध करते, हे पाहण्यासाठी संकेतस्थळाची दिसणारी पाने वाचून भागत नाही. शोधयंत्रात आपल्या संकेतस्थळाच्या नावासह ‘यादी’, ‘जन्मतारीख’, ‘शिष्यवृत्ती’, ‘खाते क्रमांक’ असे शब्द टाकून पाहा. शोधयंत्रे पीडीएफमधला मजकूरही वाचतात. वर्डप्रेसमध्ये एखादे पान काढून टाकले तरी त्याला जोडलेली फाइल माध्यम संग्रहात तशीच राहते आणि तिचा पत्ता ज्याला सापडेल त्याला ती उघडते. एका शाळेत मला अशी शिष्यवृत्तीची यादी सापडली होती. मुलींची नावे, जात, बँकेचे खाते क्रमांक आणि पालकांचे मोबाइल क्रमांक त्यात होते. संकेतस्थळावर तिचा दुवा चार वर्षांपूर्वीच काढलेला होता, पण फाइल जिवंत होती आणि शोधात पहिल्या पानावर येत होती. ज्या लिपिकांनी ती चढवली त्यांचा हेतू पालकांची फेरी वाचावी एवढाच होता. दुवा काढणे म्हणजे फाइल काढणे नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अशी फाइल सापडली तर ती संग्रहातून पुसा आणि मग गूगलकडे जुने निकाल काढण्याची विनंती करा, कारण मूळ फाइल गेली तरी तिचा उतारा शोधात काही काळ दिसत राहतो.

कोकणात ही जोखीम जास्त का, ते सांगतो. शहरात आडनाव आणि नाव यांवरून घर सापडत नाही. आपल्याकडे मुलाचे नाव, आडनाव आणि वाडी एवढे कळले की घर सापडले. पत्ता लिहायची गरज नाही. एकेका वाडीत एकाच आडनावाची दहा-बारा घरे असतात, आणि तिथे वडिलांचे नाव लागले की उंबरठाच दाखवल्यासारखे होते. त्यात वडील नोकरीसाठी मुंबईला आणि घरी आजी, आई आणि मुले, अशी असंख्य घरे आहेत. ज्या यादीत मुलीचे पूर्ण नाव, गाव-वाडी, वडिलांचा ‘मुंबई’ असा पत्ता आणि आईचा मोबाइल क्रमांक आहे, ती यादी अनोळखी माणसाला सांगते की या घरात कर्ता पुरुष राहत नाही. ही गोष्ट गावाला माहीत असतेच, यात शंका नाही, पण गावाला माहीत असणे वेगळे आणि जगाला शोधता येणे वेगळे. गाव त्या घराकडे लक्षही ठेवत असतो.

आईच्या नावाबद्दल एक वेगळी सूचना. महाराष्ट्रात दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहताना बैठक क्रमांक आणि आईचे नाव विचारले जाते. म्हणजे आपल्या राज्यात आईचे नाव हे एक प्रकारे निकालाच्या कुलपाची किल्ली आहे. परीक्षेआधी शाळा बैठक क्रमांकांची यादी चढवते, आणि त्याच संकेतस्थळावर जुन्या कुठल्या यादीत त्याच मुलांच्या आईची नावे असतात. दोन्ही एकत्र केल्या की कोणाही मुलाचे गुण कोणालाही पाहता येतात. नापास झालेल्या मुलाच्या घरी ती बातमी त्याच्या आधी पोहोचली तर काय होते, हे आपण शिक्षक म्हणून माझ्यापेक्षा जास्त जाणता. बैठक क्रमांकांची यादी वर्गात लावावी, संकेतस्थळावर लावू नये.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा कितीतरी कार्यालयांतले कागद भिजून गेले. त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक शाळांनी जनरल रजिस्टर स्कॅन करून घेण्याची घाई केली, आणि ती घाई अगदी योग्य होती. पण त्यांतील काहींनी ते स्कॅन संकेतस्थळाच्याच जागेवर चढवले, कारण ‘ऑनलाइन’ म्हणजे तिथेच अशी समजूत होती. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे नाव, जात-पोटजात, आधीची शाळा असे सर्व असते. माहिती जतन करणे आणि ती प्रसिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या हव्यात. जतनाची प्रत परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या डिस्कवर ठेवावी; एक प्रत शाळेत आणि एक पूररेषेपासून दूर असलेल्या एखाद्या विश्वस्तांच्या कपाटात. ती संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असण्याचे काहीच कारण नाही. दुवा दिलेला नाही म्हणून कोणाला सापडणार नाही, यावर विसंबू नये, आणि शोधयंत्रांना मनाई करणाऱ्या रोबोट्सच्या फाइलवरही विसंबू नये. ती फाइल म्हणजे फक्त विनंती असते, कुलूप नसते.

छायाचित्रांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना प्रेम आहे. मुंबईत किंवा आखातात असलेल्या बापाला आपल्या मुलीचा स्नेहसंमेलनातला नाच पाहायचा असतो, आणि शाळेचे संकेतस्थळ हे त्याच्यासाठी गावाकडची खिडकी असते. ती खिडकी बंद करा असे मी कधीच सांगत नाही. मी एवढेच सांगतो की छायाचित्राखाली मुलाचे पूर्ण नाव आणि वर्ग लिहू नये; ‘आठवीच्या मुलींचे समूहनृत्य’ एवढे पुरे. एकट्या मुलाच्या चेहऱ्याऐवजी समूहाचे चित्र घ्यावे. फोनवरून थेट उतरवलेल्या चित्रात ते कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, म्हणून चढवण्याआधी ते पुसावेत. आणि ज्या पालकांनी नकार दिला आहे त्यांच्या मुलाला सर्वांसमोर रांगेतून बाजूला काढू नये. शिक्षकाने आधीच ठाऊक करून घेऊन चित्र निवडताना ते टाळावे.

संमती घेताना आपल्याकडे एक खास अडचण येते. मूल आजीकडे असते, सभेला आजी येते, आणि ती विश्वासाने जिथे सांगाल तिथे सही किंवा अंगठा देते. कायदा मात्र आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती मागतो. माझा सल्ला असा की संमतीपत्र प्रवेशाच्या वेळीच आई-वडिलांकडून घ्यावे, आणि ज्यांचे राहिले त्यांचे गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा घ्यावे. त्यात संकेतस्थळावरील छायाचित्रासाठी वेगळा प्रश्न असावा, होय आणि नाही असे दोन चौकोन असावेत, आणि दिलेली संमती पुढे एका साध्या अर्जाने मागे घेता येईल असे स्पष्ट लिहिलेले असावे.

दोन गोष्टी जाता जाता. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात सामील होण्याचा दुवा संकेतस्थळावर असेल तर काढा. त्यातून आत आलेल्या कोणालाही गटातील सर्व पालकांचे क्रमांक दिसतात. आणि कर्मचाऱ्यांच्या पानावर शिक्षिकांचे वैयक्तिक मोबाइल क्रमांक व घरचे पत्ते नकोत. अनुदानित शाळेला माहितीच्या अधिकाराखाली नाव, पद, वेतन अशी माहिती स्वतःहून जाहीर करावी लागू शकते, पण त्यात घरचा पत्ता येत नाही.

कायद्याबद्दल थोडेच सांगतो, कारण नेमका सल्ला वकिलांनी द्यायचा असतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे शाळेला तयारीसाठी दिलेला काळ हाच आहे. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, म्हणजे आपली संपूर्ण शाळा त्यात येते. बालकांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांचा मागोवा घेणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती सूट आहे. हजेरीसारख्या गोष्टी तिच्यात बसतील. संकेतस्थळावर नाचाचे छायाचित्र टाकणे त्या सवलतीत बसते असे मी धरून चालणार नाही. आणखी एक महत्त्वाचे कलम असे की माहिती सांभाळण्याचे काम बाहेरच्या व्यावसायिकाला दिले तरी जबाबदारी संस्थेचीच राहते, आणि ते काम वैध कराराने द्यावे लागते. मंडळाने संकेतस्थळ भेट दिले असले तरी उत्तर शाळेलाच द्यायचे आहे. दंडाच्या रकमा कोटींत आहेत, त्या वाचून संस्थाचालक घाबरतात आणि संकेतस्थळच बंद करू असे म्हणतात. त्या रकमा कमाल मर्यादा आहेत, आणि दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे असते, हे त्यांना शांतपणे सांगावे.

हे सर्व तपासून आणि साफ करून झाल्यावर आपले पान लिहिणे हे एका दुपारचे काम आहे. कायद्याप्रमाणे सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळाली पाहिजे, आणि मराठी त्यात आहेच. आपल्या पालकांसाठी ती मराठीतच हवी. मी साधारण असा मजकूर लिहितो, तो आपल्या वस्तुस्थितीप्रमाणे बदलावा:

‘आपण हे संकेतस्थळ पाहता तेव्हा आपला आयपी पत्ता, वेळ आणि उघडलेली पाने यांची नोंद सर्व्हरवर एक वर्ष राहते. तिचा उपयोग फक्त संकेतस्थळाच्या सुरक्षिततेसाठी होतो. प्रवेश चौकशीच्या अर्जात आम्ही पालकाचे नाव, फोन क्रमांक आणि इयत्ता एवढेच विचारतो. ही माहिती मुख्याध्यापक आणि प्रवेशाचे काम पाहणारे लिपिक यांच्याशिवाय कोणी पाहत नाही, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी पुसली जाते. विद्यार्थ्यांची छायाचित्रे आई-वडिलांच्या लेखी संमतीनेच प्रसिद्ध केली जातात आणि त्यांखाली पूर्ण नाव दिले जात नाही. आपली किंवा आपल्या पाल्याची माहिती पाहण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी, काढून टाकण्यासाठी किंवा संमती मागे घेण्यासाठी शाळेच्या कार्यालयात किंवा शाळेच्या ईमेलवर कळवावे. सात दिवसांत उत्तर दिले जाईल. उत्तराने समाधान न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.’

यात ‘सात दिवस’ हे मी उदाहरणादाखल घातले आहे. शाळेत एकच लिपिक असेल आणि तोच परीक्षेच्या आणि पोषण आहाराच्या नोंदी करत असेल, तर पंधरा लिहा, पण लिहाल ते पाळा. कोणाशी संपर्क साधायचा तिथे व्यक्तीचे नाव न घालता पद घालावे, म्हणजे बदली किंवा निवृत्ती झाली तरी पान खरे राहील. पानाच्या तळाशी ते शेवटचे कधी तपासले ती तारीख टाका आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होताना पुन्हा तपासा.

त्या आईला मात्र पान तयार होईपर्यंत थांबवून ठेवू नका. याच आठवड्यात त्यांना शाळेत बोलावून संगणकासमोर बसवा, त्यांच्यासमोर शोधयंत्रात त्यांच्या मुलीचे नाव आणि शाळेचे नाव टाका, आणि जे निघेल ते त्यांना पाहू द्या. काही काढायचे असेल तर त्या बसलेल्या असतानाच काढा, आणि छायाचित्राचे संमतीपत्र त्यांच्या हाती द्या, म्हणजे घरी नेऊन विचार करून त्या ते भरून आणतील.

संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर आहे आणि अर्जाची सोय आहे का, एवढे कळवलेत तर फाइली आणि अर्जाची साठवण नेमकी कुठे शोधायची ते मी पायरीपायरीने लिहून पाठवतो.